हँबर्ग ते बार्शी: गर्भाशयाचं तोंड बघणाऱ्या भिंगाची गोष्ट

(या भागाचा लेखी मजकूर. बोलण्यातले 'अं', 'म्हणजे' आणि चहाचे ब्रेक काढून टाकले आहेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय जरा अवघड वाटेल. घरात मोठ्याने ऐकायला संकोच वाटत असेल तर इअरफोन लावा, पण ऐका. आणि शक्य झालं तर नंतर घरातल्या बायकांनाही ऐकवा.

विषय आहे गर्भाशयाचं मुख बघायचं यंत्र. त्याला कॉल्पोस्कोप म्हणतात. मोठ्या दवाखान्यात स्टँडवर उभं असलेलं हे अवजड यंत्र गेल्या काही वर्षांत हातात मावेल इतकं लहान झालं आणि स्वस्तही झालं. मी सॉफ्टवेअरवाला, डॉक्टर नाही. त्यामुळे औषधोपचाराचा सल्ला देणार नाही. मला यातला इतिहास आणि इंजिनिअरिंग आवडलं, आणि या इतिहासातला एक मोठा तुकडा आपल्या महाराष्ट्रात घडलाय, तो आपल्यालाच फारसा ठाऊक नाही.

मी मूळचा मेहकर तालुक्यातल्या डोणगावचा. आमच्याकडे 'गर्भाशय' हा शब्द कुणी वापरत नाही, 'पिशवी' म्हणतात. 'तिची पिशवी काढली' हे वाक्य मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलंय, की बैलाची शिंगं साळावीत तितकं ते सहज वाटायचं. का काढली, कुणी सांगितलं, आत नेमकं काय दिसलं होतं, हे कुणी विचारत नसे. हे प्रश्न मनात ठेवूनच पुढचा इतिहास ऐका.

वाकवलेला चमचा

बघायचं तर आधी वाट हवी. ती वाट करून देणारं अवजार म्हणजे स्पेक्युलम. आजही सरकारी दवाखान्यात 'सिम्स स्पेक्युलम' दिसेल. हे सिम्स म्हणजे जेम्स मॅरियन सिम्स, अमेरिकेच्या अलाबामा राज्यातले सर्जन. १८४० च्या दशकात त्यांनी चमचा वाकवून या अवजाराची सुरुवात केली, आणि बाळंतपणात झालेल्या जखमा शिवण्याची शस्त्रक्रिया बसवली. कुणावर? गुलाम बायकांवर. त्यातल्या तिघींची नावं आपल्याला ठाऊक आहेत: अनार्का, बेट्सी आणि ल्युसी. भूल न देता एकट्या अनार्कावर सुमारे तीस वेळा शस्त्रक्रिया झाली. गुलामाची संमती विचारायची पद्धतच नव्हती, मालकाची पुरायची.

अवजार उपयोगी आहे, यात वाद नाही. पण ते कुणाच्या अंगावर घडलं हेही त्या अवजाराच्या इतिहासाचा भाग आहे. हा धागा पुढे परत येणार आहे.

१९२५, हँबर्ग

आता येऊ कॉल्पोस्कोपकडे. जर्मनीतल्या हँबर्गचे हान्स हिन्सेलमान. त्या काळी गर्भाशयमुखाचा कॅन्सर कळायचा तेव्हा रक्तस्राव सुरू झालेला असायचा, म्हणजे फार उशीर झालेला. हिन्सेलमानचा अंदाज असा, की कॅन्सर सुरू होताना एखादी बारीक गाठ किंवा जखम असणार, आणि ती मोठी करून पाहिली तर लवकर सापडेल. त्यांनी दोन डोळ्यांनी बघायचं भिंग आणि दिवा एकत्र स्टँडवर बसवला. १९२५ मध्ये हे यंत्र जगापुढे आलं.

गंमत अशी, की त्यांना बारीक गाठ सापडलीच नाही. सापडले ते पांढरे डाग. पुढे व्हिनेगरची भर पडली. अॅसेटिक अॅसिड, म्हणजे चायनीजच्या गाडीवर असतं तेच, फक्त मोजून तीन ते पाच टक्क्यांचं. ते लावून मिनिटभर थांबलं की बिघडलेल्या पेशींचा भाग पांढरा पडतो. त्या पेशींत केंद्रक मोठं असतं, प्रथिनं जास्त असतात. अॅसिडने ती तात्पुरती गोठल्यासारखी होतात आणि उजेड परतवतात. थोड्या वेळाने डाग विरतो. दुसरी युक्ती व्हिएन्नाच्या वॉल्टर शिलर यांची, आयोडीनची. निरोगी पेशींत ग्लायकोजेन भरपूर, म्हणून त्या आयोडीनने गडद तपकिरी होतात. बिघडलेल्या पेशींत ते कमी, म्हणून तो भाग पिवळा राहतो. शाळेत बटाट्यावर आयोडीन टाकून स्टार्च ओळखायचो, त्याचाच हा भाऊबंद.

म्हणजे कित्येक दशकांपूर्वीच तंत्र तयार झालं होतं: उजेड, भिंग, व्हिनेगर, आयोडीन. यातलं काहीच महाग नाही.

मग इतिहासाचा काळा भाग येतो. नाझी काळात हिन्सेलमान रोमा बायकांच्या सक्तीच्या नसबंदीत सामील होते. युद्धानंतर त्यासाठी त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. त्याहून भयंकर म्हणजे ऑशविट्झ छळछावणीचे मुख्य डॉक्टर एडुआर्ड वर्थ्स आणि त्यांचे स्त्रीरोगतज्ज्ञ भाऊ हेल्मुट यांनी तिथल्या ब्लॉक १० मध्ये कैदी ज्यू बायकांवर कॉल्पोस्कोप वापरून प्रयोग केले. गर्भाशयमुखं कापून तपासणीसाठी हँबर्गला पाठवली जात. पुन्हा तेच: भिंगामागे एक माणूस, आणि भिंगासमोर जिला नाही म्हणता येत नाही अशी बाई.

काचपट्टीने भिंगाला हरवलं

युद्धानंतर श्रीमंत देशांत कॉल्पोस्कोप मागे पडला आणि पॅप स्मिअर पुढे गेला. जॉर्ज पापानिकोलाऊ यांची ही पद्धत १९४० च्या दशकात रुजली. पेशी खरवडून काचपट्टीवर घ्यायच्या, रंगवायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. दर काही वर्षांनी हे करत राहिलेल्या देशांत या कॅन्सरचे मृत्यू खूप कमी झाले. कॉल्पोस्कोपला दुसरी जागा मिळाली: स्मिअरमध्ये गडबड दिसली, तर ती नेमकी कुठे आहे हे बघायला.

पण पॅप स्मिअर वरवर साधा दिसला तरी तो एक साखळी आहे. काचपट्टी नीट भरणारं माणूस, ती शहरात नेणारं माणूस, वाचणारा प्रशिक्षित तज्ज्ञ, निकाल परत गावात पोचवणारं माणूस, आणि त्या बाईला पुन्हा शोधून आणणारं माणूस. आमच्यासारख्या गावातून जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन यायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते. सोयाबीनच्या हंगामात तर विचारूच नका. निकाल घ्यायला दुसरी फेरी कोण करणार? सॉफ्टवेअरच्या भाषेत, ज्या प्रक्रियेत युजरला तीनदा परत यावं लागतं, तिच्यात प्रत्येक टप्प्यावर गळती होते.

बार्शी

आता महाराष्ट्र. १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत टाटा मेमोरियलच्या मदतीने ग्रामीण भागातली देशातली पहिली कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावं. तिथले नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि डॉ. बी. एम. नेने हे या कामाचा कणा. नोंदणी सुरू झाली आणि दिसलं काय, तर बायकांत सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर हाच, गर्भाशयमुखाचा.

मग ऑक्टोबर १९९९ मध्ये त्याच भागात एक प्रचंड अभ्यास सुरू झाला. उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव जिल्हा. ४९७ गावं, ५२ गट, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका. चिठ्ठ्या टाकल्यासारखे चार भाग केले. एका भागात एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पॅप स्मिअर, तिसऱ्यात व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी, ज्याला 'व्हीआयए' म्हणतात. चौथ्या भागाला नेहमीसारखीच आरोग्यसेवा, म्हणजे तपासणी नाही. तपासणीत दोष आढळला तर कॉल्पोस्कोपी आणि उपचार.

आठ वर्षांनी निकाल लागला. २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये डॉ. शंकरनारायणन, डॉ. नेने आणि सहकाऱ्यांनी तो छापला. चारही भाग साधारण सारख्या आकाराचे होते, एकेकात ३१ ते ३४ हजार बायका. या कॅन्सरने झालेले मृत्यू असे: काहीच तपासणी नाही त्या भागात ६४, व्हिनेगर आणि डोळा ५६, पॅप स्मिअर ५४, आणि एचपीव्ही तपासणी ३४.

थांबून हे आकडे पुन्हा वाचा. आयुष्यात एकदाच केलेल्या विषाणू तपासणीने मृत्यू जवळपास निम्मे केले. डोळ्याने बघण्याने फरक पडला तो इतका लहान, की तो योगायोग नाही असं ठामपणे म्हणता येईना.

मग डोळा हरला का? तर थांबा. मुंबईत टाटा मेमोरियलच्याच डॉ. सुरेंद्र शास्त्री यांचा वेगळा अभ्यास १९९८ पासून झोपडपट्ट्यांमध्ये चालू होता. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून जास्त बायका. तिथे तपासणारे डॉक्टर नव्हते. दहावीपर्यंत शिकलेल्या आणि चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्य कार्यकर्त्या होत्या. एकदा बघून सोडलं नाही, तर दर दोन वर्षांनी, चार वेळा. बारा वर्षांनी मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. व्हिनेगर, बॅटरी, आणि वस्तीतलीच बाई. एवढ्यावर.

दोन्ही अभ्यास एकत्र ठेवले की मला असं दिसतं: डोळा एका नजरेत चुकतो, पण परत परत गेला तर पकडतो. विषाणूची तपासणी एका खेपेत पकडते, पण ती नेमकी जागा दाखवत नाही. 'हिला धोका आहे' हे ती सांगते; 'इथे बिघाड आहे, इथे उपचार कर' हे सांगायला पुन्हा भिंग लागतंच.

आणि आता तो धागा, जो मी मगाशी सोडला होता. या अभ्यासांत तपासणी न झालेल्या बायकांचं काय? अमेरिकेतले डॉक्टर एरिक सुबा यांनी हा प्रश्न लावून धरला. २०१४ मध्ये त्यांनी लिहिलं, की भारतातल्या अशा तीन अभ्यासांत मिळून तपासणी न केलेल्या गटांतल्या २५४ बायका या कॅन्सरने गेल्या, आणि तपासणी उपयोगी असते हे आधीच माहीत होतं. अभ्यास करणाऱ्यांची बाजू अशी, की त्या काळी त्या भागात कुणालाच तपासणी मिळत नव्हती आणि कोणती पद्धत खेड्यात चालते याचा पुरावा नव्हता. मला दोन्ही बाजू कळतात. पण वर दिलेला ६४ चा आकडा मला नुसता आकडा म्हणून वाचवत नाही. त्या आपल्याच शेजारच्या जिल्ह्यांतल्या बायका. आज जगाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये एचपीव्ही तपासणी पहिल्या क्रमांकावर आहे, त्यामागे बार्शी-उस्मानाबादच्या या लाखभर जणींचा मोठा वाटा आहे.

भिंग लहान कसं झालं

आता माझ्या आवडीचा भाग, इंजिनिअरिंग.

जुना कॉल्पोस्कोप बाईपासून साधारण ३० सेंटिमीटरवर उभा राहतो. इतक्या लांबून खोलगट जागेतलं काही सेंटिमीटरचं गर्भाशयमुख बघायचं, म्हणजे चांगली भिंगं, झगझगीत दिवा आणि न हलणारा जड स्टँड लागतो. किंमत तिथे वाढते.

पण समजा, बघणारा डोळाच आत नेला तर? अंतर ३० वरून ३ सेंटिमीटर झालं, तर लहान दिव्याचा उजेड त्या जागेवर साधारण शंभरपट पडतो, कारण उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. मग झगझगीत दिवा नको, पांढरा एलईडी पुरतो. मोठं भिंग नको, मोबाइलमध्ये असतो तसला कॅमेरा पुरतो. पुढची अडचण म्हणजे ओल्या पृष्ठभागावरची चकाकी. पांढरा डाग आणि पांढरी चकाकी यांत गोंधळ होतो. त्यावर उपाय म्हणजे एकमेकांना आडवे बसवलेले दोन पोलरॉइड फिल्टर, एक दिव्यापुढे, एक कॅमेऱ्यापुढे. चकाकी गळते, आतलं दिसतं.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात निम्मी रामानुजम यांच्या गटाने याच कल्पनेवर 'पॉकेट कॉल्पोस्कोप' बनवला. भारतात त्याआधी आयसीएमआरच्या नोएडातल्या संस्थेने 'मॅग्निव्हिज्युअलायझर' नावाचं हातात धरायचं भिंग-दिवा यंत्र तयार केलं होतं, बॅटरीवर चालणारं, वीज नसलेल्या गावासाठी. आणि आपल्या पुण्यात वीणा मोकताली आणि कौस्तुभ नाईक यांच्या पेरिविंकल टेक्नॉलॉजीज या कंपनीने 'स्मार्ट स्कोप' बनवला: हातात धरायचं यंत्र, जोडीला टॅबलेट, व्हिनेगर आणि आयोडीन लावून घेतलेले फोटो, आणि धोका किती हे सांगणारं सॉफ्टवेअर.

सॉफ्टवेअर म्हटलं की माझे कान टवकारतात, म्हणून त्याबद्दल दोन शब्द. २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेच्या गटाने कोस्टा रिकातल्या नऊ हजारांहून जास्त बायकांचे जुने फोटो वापरून एक मॉडेल शिकवलं. निकाल इतका चांगला आला, की जगभर बातम्या झाल्या. पुढे लक्षात आलं, की कॅमेरा बदलला की मॉडेल डगमगतं, आणि एकाच बाईचे लागोपाठ घेतलेले दोन फोटो दिले तरी कधीकधी वेगळी उत्तरं देतं. आमच्या धंद्यात ही ओळखीची गोष्ट आहे: डेमोला चालतं, प्रॉडक्शनला पडतं. फरक इतकाच, की इथे पडलं तर सर्व्हर नाही, माणूस पडतं. म्हणून अशा यंत्राबद्दल पहिला प्रश्न 'अचूकता किती टक्के' हा विचारू नये. विचारावं, की कोणत्या कॅमेऱ्यावर, कोणत्या बायकांवर, कुणाच्या हातून तपासलं?

फोटो कुणाच्या हातात?

मग हे सगळं डोणगावच्या कामाचं आहे का? मला वाटतं, आहे, आणि त्याचं मुख्य कारण एआय नाही.

२०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ऐंशी हजारांहून जास्त बायकांची पाहणी झाली, त्यात तेरा हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. अंगावरून पांढरं जातंय, ओटीपोट दुखतंय, अशा तक्रारी घेऊन गेलेल्या कितीतरी जणींना 'नाही काढली तर कॅन्सर होईल' अशी भीती दाखवली गेली होती.

आता विचार करा. त्या बाईकडे पुरावा काय होता? डॉक्टरचा शब्द. तिला स्वतःला ती जागा कधीच दिसत नाही. आरशातही नाही. जुन्या कॉल्पोस्कोपमध्येही बघायचा तो डॉक्टरच, ती नुसती छताकडे बघत पडलेली. टॅबलेटवर फोटो आला, की पहिल्यांदाच तिला ते दिसू शकतं. 'हा भाग तपकिरी आहे, म्हणजे ठीक. हा पांढरा डाग, याचा तुकडा तपासायला पाठवू.' तो फोटो घेऊन ती अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरला विचारू शकते. एकीकडे डाग वेळेत सापडला तर शंभर अंशांच्या आसपास तापवलेल्या लहानशा यंत्राने तेवढाच भाग मिनिटभरात जाळून टाकता येतो, पिशवी वाचते. दुसरीकडे, डाग नसेल तर 'काढा' म्हणणाऱ्याला 'दाखवा' असं म्हणता येतं.

अर्थात, फोटो तिचा आहे हे आधी ठरलं पाहिजे. तो कुठे साठवला, कुणी पाहिला, कंपनीने मॉडेल शिकवायला वापरला का, हे तिला मराठीत सांगून विचारलं पाहिजे. अनार्काला विचारलं नव्हतं, ब्लॉक १० मध्ये विचारलं नव्हतं. मुंबईच्या अभ्यासातही बायकांना दिलेली माहिती पुरेशी होती का, यावर वाद झाला. टॅबलेटवरच्या 'आय अॅग्री' बटणाने हा इतिहास संपत नाही.

२०२२ च्या ग्लोबोकॅन अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे सव्वा लाख बायकांना हा कॅन्सर होतो आणि सुमारे ८० हजार जणी त्याने जातात. २०१६ पासून सरकारी मार्गदर्शक सूचना आहेत, की ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक बाईची दर पाच वर्षांनी व्हिनेगर तपासणी व्हावी. प्रत्यक्षात २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या शंभरातल्या दोघींचीही ही तपासणी कधी झालेली नव्हती. सीरमची सर्व्हावॅक लस पुण्यातच तयार होते. पुढच्या पिढीच्या मुलींना तिचा फायदा होईल. पण आज आपल्या आया, मावश्या, काकू ज्या वयात आहेत, त्यांच्यासाठी लस नाही, तपासणीच आहे.

शंभर वर्षांत भिंग स्टँडवरून मुठीत आलं. मुंबईतल्या दहावी शिकलेल्या कार्यकर्त्यांनी दाखवून दिलं, की मुठीत भिंग नसलं तरी चालतं, पण दर दोन वर्षांनी दार ठोठावणारी बाई लागते. यंत्र घेण्याचा ठराव ग्रामसभेत किंवा रुग्ण कल्याण समितीत आला, तर आनंदच आहे. त्याच ठरावात एवढं जोडून घ्या: तपासणी कोण करणार, तिला पगार कोण देणार, डाग निघाला तर उपचार कुठे आणि कधी, आणि पुढच्या खेपेची तारीख काय.

तुमच्या गावात अशी तपासणी झाली असेल, तर ती कुणी केली आणि निकाल परत कळला का, हे जरूर लिहून पाठवा. नाव नको, गाव आणि वर्ष पुरे. पुढच्या भागात एचपीव्ही तपासणीबद्दल बोलू, म्हणजे बाईने नमुना स्वतःच घ्यायची जी पद्धत आलीये, ती. तोवर काळजी घ्या, आणि घरात हा विषय काढा. भेटू!